मदत हवी आहे: 14 महिन्यांच्या बाळाच्या कृत्रिम पायासाठी लहान मापाचे स्टंप सॉक्स

आर्णीकर
नमस्कार मंडळी. बाळ 14 महिन्यांचं आहे, मुलगी. उजवा पाय जन्मतः गुडघ्याखाली अपुरा, जेवढा आहे तो भाग म्हणजे स्टंप. पहिला पाय बसवला आहे. आत फोमचं अस्तर, वर मांडीला पट्टा. सोबत तीन प्लायचे (प्लाय म्हणजे मोज्याच्या जाडीचं माप) दोनच मोजे मिळाले. एक वाळत असतो, दुसरा या उन्हाळ्यात दुपारपर्यंत घामाने चिंब होतो. यवतमाळच्या सर्जिकल दुकानांत मोठ्यांचेच मोजे आहेत, ते टोकाला गोळा होतात.
मापं: गुडघ्याच्या वाटीच्या खालच्या कडेपासून टोकापर्यंत 9 सेंमी, वरचा घेर 18, टोकापासून 2 सेंमी वर घेर 14.
मोजे कुठे मिळतील? तोवर घरी काय करता येईल? आणि बाजारातले बाळमोजे चालतील का?

पीओ_वर्धा
मापं व्यवस्थित दिलीत, त्यामुळे काम सोपं झालं. त्यात आणखी एक माप घाला: टोकापासून सॉकेटच्या, म्हणजे स्टंप ज्या साच्यात बसतो त्याच्या, काठापर्यंतची उंची. मोजा काठाच्या वर येऊन 4-5 सेंमी बाहेर दुमडला गेला पाहिजे, नाहीतर चालताना तो आत ओढला जातो. माप शिवणाच्या टेपने, बाळ शांत असताना घ्या. रडताना स्नायू आवळले जातात आणि घेर बदलतो.

लहान मापाचे मोजे दुकानदार भरून ठेवत नाही, ते मागवावेच लागतात. ज्या केंद्रात पाय बनवला तिथल्या प्रोस्थेटिस्टला (कृत्रिम पाय बनवणाऱ्या तज्ज्ञाला) चारही मापं, किती प्लाय आणि किती नग ते कागदावर लिहून द्या. सहा मागवा. बारा मागवू नका, कारण निम्मे वापरायच्या आत लहान होतील. नागपूरच्या संमिश्र प्रादेशिक केंद्रात, म्हणजे सीआरसीतही विचारा. जाण्याआधी फोन करा, आर्णीहून नागपूरला जाऊन यायचं म्हणजे लेकराचा अख्खा दिवस जातो.

साधे बाळमोजे शक्यतो नको. त्यांची टाच मागे चुणी धरते, बोटांकडची शिवण नेमकी स्टंपच्या टोकावर येते आणि वरचं इलॅस्टिक आवळतं. इलॅस्टिक आवळलं की खालचा भाग सुजतो. बिनटाचेचा नळीमोजा मिळाला तर इलॅस्टिकची पट्टी कापा आणि मोजा उलटा करून शिवण बाहेर ठेवा. एवढं करून तो दोन-चार दिवस निभावेल.

शिवणयंत्र
घरी करायचं असेल तर स्टॉकिनेट आणा. प्लास्टर घालण्याआधी हातापायावर चढवतात ती सुती विणीची नळी. हाडांच्या दवाखान्याजवळच्या मेडिकलमध्ये तिचा रोल मिळतो. 7.5 सेंमी रुंदीची घ्या. सपाट 7.5 म्हणजे घेर 15, तो ताणून 18 वर चुणी न पडता बसतो.

कापण्याआधी कोमट पाण्यात धुऊन वाळवा, सुती वीण पहिल्या धुण्यात आटते. मग साधारण 20 सेंमीचा तुकडा कापा: स्टंपचे 9, गुडघ्यावरून काठापर्यंतचे 4-5, दुमडीचे 5, उरलेलं शिवणीसाठी. तुमच्या सॉकेटचा काठ उंच असेल तर तेवढं वाढवा.

टोकाचा घेर 14 आहे, म्हणून खालचे 4 सेंमी निमुळते करून सपाट रुंदी 6.5 वर आणा. हे एकाच बाजूने करा आणि घालताना ती बाजू मागे, पोटरीच्या मऊ भागावर ठेवा. तळ गोलाईत शिवा. सरळ रेषेत शिवलं तर दोन कोपरे उरतात, आणि ते कोपरे सॉकेटमध्ये दुमडून टोचतात. टाका झिगझॅगच हवा. साधा टाका नळी ताणली की तटकन तुटतो. शिवणीबाहेरचं कापड 3 मिमी ठेवून छाटा आणि मोजा घालताना शिवण बाहेर, फोमच्या बाजूला येऊ द्या. घालून झाल्यावर टोकावर अंगठा फिरवा. तुमच्या अंगठ्याला गाठ लागली तर बाळाला ती दिवसभर लागणार आहे, तो मोजा उसवून पुन्हा शिवा.

पीओ_वर्धा
उत्तम. फक्त जाडीकडे लक्ष द्या. स्टॉकिनेटचा एक थर तीन प्लायएवढा जाड नसतो. आधी केंद्रातला मोजा घालून पट्टा जिथे बसतो तिथे पेनाने खूण करा. मग घरचे मोजे एकावर एक चढवा. पाय तेवढाच आत जाऊन पट्टा त्याच खुणेवर आला, की थर बरोबर.

आर्णीकर
खूप आभार. एक राहिलं. पाय काढला की गुडघ्याच्या पुढे लाल दिसतं. मोठी माणसं सांगतात की पाय नीट बसत नसेल तर मोजा वाढवा. तसंच करायचं का?

पीओ_वर्धा
थांबा, वाढवू नका. तो सल्ला मोठ्यांसाठी आहे. ऑपरेशननंतर मोठ्यांचा स्टंप आटत जातो म्हणून मोजे वाढवतात. बाळाचा स्टंप वाढत असतो, म्हणून त्याचे मोजे कमी करत जायचे असतात. सॉकेट मुद्दाम मोज्यांची जागा ठेवून बनवतात: आज तीन प्लाय, काही महिन्यांनी एक. एक प्लायही घट्ट होऊ लागला की नवीन सॉकेटची वेळ आली. मी हे पुन्हा पुन्हा सांगतो, कारण मायेपोटी चढवलेला जास्तीचा मोजा लेकराचा पाय वर अडवून ठेवतो. मग टोक पोकळीत लोंबतं, सुजतं, जांभळट होतं.

आता लाल नेमकं कुठे आहे ते बघा. सॉकेटच्या पुढच्या भागात एक आडवा उंचवटा असतो. तो वाटीखालच्या जाड दोरीसारख्या नसेच्या (टेंडनच्या) मधोमध बसायला हवा. लाल डाग वाटीच्या खालच्या कडेवर असेल तर पाय जास्त खोल जातोय, मोजा कमी पडतोय. नसेच्या खाली, नडगीच्या सुरुवातीच्या हाडाच्या टेंगळावर असेल तर पाय पुरता आत गेलेला नाही, मोजे जास्त झालेत. बरोबर मध्ये फिकट लाली असेल आणि ती 10-15 मिनिटांत गेली तर काळजी नको. 20 मिनिटांनंतरही राहिली, फोड आला किंवा कातडी सोलली, तर पाय घालणं बंद करा आणि केंद्रात दाखवा. त्यावर आणखी मोजा चढवून चालवू नका. बाळ बोलून सांगत नाही. उभं राहायला नकार देणं, पट्टा ओढणं, एकाएकी पुन्हा रांगायला लागणं, हेच त्याचं सांगणं.

वाचणाऱ्या इतरांसाठी: जन्मजात नसेल, अपघातात हाड मधूनच कापावं लागलं असेल, तर वाढत्या वयात हाडाचं टोक अणकुचीदार होऊन कातडीखाली टोचू लागतं. त्यावर मोज्याचा उपाय नाही. हाडांच्या डॉक्टरांनाच दाखवा.

चांदूरची_ताई
उन्हाळ्याबद्दल. मेअखेरच्या नवतपात दिवसाला तीन मोजे धरा: सकाळी एक, दुपारी एक, संध्याकाळी लागला तर एक. ओला मोजा कातडी नरम करतो आणि नरम कातडी चटकन सोलते. दुपारी झोपवताना पाय काढा, स्टंप सुती फडक्याने टिपून मोकळा ठेवा. पावडर नको, घामात तिचे गोळे होतात. खोबरेल लावायचं तर रात्री. सकाळचं तेल फोममध्ये मुरतं आणि अस्तर खराब करतं.

मोजे रोज साध्या पाण्यात, सौम्य साबणाने. फेस पूर्ण जाईपर्यंत खंगाळा, राहिलेला साबण खाजवतो. पिळू नका, टॉवेलमध्ये दाबा. सावलीत खाटेवर पसरून वाळवा, दोरीवर टांगला तर लांबतो. पावसाळ्यात पंख्याखाली. दमट मोजा घालण्यापेक्षा त्या सकाळी पाय तासभर उशिरा घाला. अंगणवाडीत जाऊ लागली की एक कोरडा मोजा पिशवीत द्या आणि सेविका ताईंना घालून दाखवा: चुणी नको, दुमड काठाबाहेर.

आर्णीकर
डाग हाडाच्या टेंगळावर आहे. म्हणजे मोजे जास्त. आजपासून एक प्लाय करून बघू का?

पीओ_वर्धा
हो, पण एक प्लायचा मोजा हातात असेल तर. नसेल तर स्टॉकिनेटचा एकच थर. अर्धा तास घाला, काढून बघा, खूण तपासा. वाटीची कडही लाल झाली तर एक थर वाढवा. फरक पडला नाही तर आठवड्याची वाट न पाहता केंद्राला फोन करा. दर तीन महिन्यांनी तपासणी ठरलेली असू द्या. तेव्हा दोन्ही पायांची लांबीही बघतात.

चांदूरची_ताई
आणि एडिप योजनेत (दिव्यांगांना साहित्य देणारी केंद्र सरकारची योजना) साहित्य घेतलं असेल तर लक्षात ठेवा: पुन्हा घ्यायची मुदत इतरांना तीन वर्षं असली तरी 12 वर्षांखालच्या मुलांना एकच वर्ष आहे. 40 टक्के दिव्यांगत्वाचा दाखला आणि उत्पन्नाचा दाखला काढून ठेवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं, म्हणजे आरबीएसकेचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं, तेव्हा मुलीची नोंद करून जिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी मागा. नवीन सॉकेट लिहून घेताना मोजेही नगासह त्याच कागदावर लिहून घ्या.