उपग्रहावरून आलेल्या विमानांच्या ‘एडीएस’ संदेशांतून स्थान का निघत नाही?

प्रश्न (आर्वी तालुका, जि. वर्धा)
नमस्कार मंडळी. घराच्या स्लॅबवर ठेवलेला पॅच अँटेना, फिल्टर असलेला एलएनए (क्षीण संकेत वाढवणारा अँप्लिफायर) आणि आरटीएल-एसडीआर डोंगल (संगणकाला जोडायचा स्वस्त रेडिओ) एवढ्या सामग्रीवर मी १५४५ मेगाहर्ट्झच्या आसपासचे इनमारसॅट या उपग्रहांचे एरो (विमानांसाठीचे) चॅनल ‘जेरो’ या सॉफ्टवेअरमधून उलगडतो. हवामानाचा मजकूर सरळ वाचता येतो. पण ‘एडीएस’ (विमानाचे स्थान आपोआप नियंत्रण केंद्राला कळवण्याची पद्धत) संदेशात विमानाच्या नोंदणी क्रमांकाला लागूनच ‘०७०१०बीसीसी…’ अशी अक्षरे येतात. त्यांत अक्षांश-रेखांश असावेत असे समजून मी आठवडाभर आकडेमोड केली, परंतु काहीच हाती लागले नाही. माझे कुठे चुकते?

उत्तर (दर्यापूर)
त्या संदेशात स्थान नसतेच. एल-बँडवर, म्हणजे तुमच्या १५४५ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात, आपल्याला ऐकू येते ते जमिनीवरून विमानाकडे जाणारे बोलणे. ‘०७’ म्हणजे ठरावीक वेळाने स्थान कळवत राहा, ही नियंत्रण केंद्राची मागणी (तिलाच करार म्हणतात); ‘०१’ हा त्या कराराचा क्रमांक; आणि ‘०बी’ नंतरच्या बाइटमध्ये किती वेळाने कळवायचे ते असते. ही अक्षरे सोळा-आधारी (हेक्स) अंक आहेत; तुमचा ‘सीसी’ द्विमान पद्धतीत ११००११०० होतो. पहिले दोन बिट ११, म्हणून एकक ६४ सेकंदांचे. उरलेले ००११०० म्हणजे १२, त्यात एक मिळवून १३. ६४ गुणिले १३ म्हणजे ८३२ सेकंद, जवळपास चौदा मिनिटे. संदेशाची शेवटची चार अक्षरे सीआरसीची (चूक तपासण्याच्या अंकांची), ती बाजूला ठेवावीत. हे काम ‘लिबएकार्स’ हे सॉफ्टवेअर क्षणात करते, तरी दोन-चार संदेश हाताने सोडवावेत असे मला मनापासून वाटते, कारण रचना त्यातूनच अंगवळणी पडते.

उत्तर (घाटंजी)
विमानाचे उत्तर उपग्रहावरून भूकेंद्राकडे साधारण ३.६ गिगाहर्ट्झवर, म्हणजे सी-बँडवर उतरते. आमच्याकडे केबलवाल्याची जुनी जाळीची छत्री गोठ्यामागे पडून होती, तीच मी उभी केली. एलएनबी (छत्रीच्या तोंडाशी बसणारा, संकेत वाढवून त्याची फ्रिक्वेन्सी खाली आणणारा भाग) ३.४ गिगाहर्ट्झपासून चालणारा घ्यावा आणि लहरींचे ध्रुवीकरण वर्तुळाकार असल्यामुळे फीडमध्ये (एलएनबीच्या तोंडाच्या नळीत) टेफ्लॉनची पट्टी बसवावी. साध्या एलएनबीची फ्रिक्वेन्सी मे महिन्याच्या उन्हात इतकी सरकते की अरुंद चॅनल हातचा जातो. तेव्हा पीएलएल (फ्रिक्वेन्सी स्थिर ठेवणारे सर्किट) असलेलाच बरा. विमानाचे संदेश तुटक येतात, म्हणून ‘जेरो’मध्ये बर्स्ट मोड (तुटक संदेशांसाठीची पद्धत) निवडायला विसरू नका.

प्रश्नकर्ता
दोघांचेही मनापासून आभार. काल रात्री वही घेऊन बसलो आणि एका संदेशातला ‘डी२’ सोडवला: ६४ गुणिले १९, म्हणजे १२१६ सेकंद. आता छत्रीच्या शोधात आहे.