मदत हवी आहे: माशांच्या चार फुटी टाकीला वनस्पतींचा संप (टाकीखालची गाळणीची टाकी) करावा की साधा?

काठावरचा

गोड्या पाण्याची टाकी आहे, १२० × ४५ × ४५ सेंमी. वाळूचा पातळ थर, दोन लाकडं, प्रत्यक्ष पाणी २१० लिटर. मासे: ६ एंजल, २० टेट्रा, ८ कोरी, १ प्लेको. रोज साधारण ३ ग्रॅम कोरडं खाद्य. सध्या कॅनिस्टर फिल्टर (बंद डब्याची बाहेरची गाळणी) आहे आणि दर रविवारी ३० टक्के, म्हणजे ६३ लिटर पाणी बदललं जातं. माशांच्या घाणीतून होणारे अमोनिया, नायट्राइट शून्य. त्यांचंच पुढे होणारं नायट्रेट पाणी बदलण्याआधी ६० ते ७० पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम). नळाच्या पाण्यात नायट्रेट जवळपास नाहीच. नळाचा केएच (पीएच सावरून धरणारे कार्बोनेट क्षार, अंशांत) ९, टाकीचा ३.

खालच्या कपाटात ९० × ३५ × ४० सेंमीचा संप बसतो; वरचं पाणी पाइपने त्यात उतरेल आणि गाळून पंपाने परत वर जाईल. दोन आराखडे डोक्यात आहेत.
साधा: १५ सेंमी सॉक (गाळ अडवणारी कापडी पिशवी), ५५ सेंमी स्पंज आणि सिरॅमिक रिंग, २० सेंमी पंप.
वनस्पतींचा: १५ सेंमी सॉक, १५ सेंमी स्पंज, ४० सेंमी वनस्पती, २० सेंमी पंप.
नायट्रेट ३० च्या आसपास आणायचं आहे. कोणता करू? पंप २००० लिटर प्रति तासाचा आहे, कमाल हेड (पाणी चढवण्याची उंची) २ मीटर.

गाळणीवाला

काच कापण्याआधी हिशेब करून घ्या.

खाद्यात ४० टक्के प्रथिनं धरली तर १ ग्रॅममध्ये ६४ मिलिग्रॅम नायट्रोजन असतो. तो सगळा नायट्रेट झाला तर साधारण २८० मिलिग्रॅम. आठवड्याच्या २१ ग्रॅम खाद्याचे झाले ५९०० मिलिग्रॅम. त्यातलं काही माशांच्या अंगी लागतं, काही गाळाबरोबर बाहेर जातं. उरलेलं ४२०० च्या आसपास धरू. पाण्यातला आकडा कुठे जाऊन स्थिरावणार हे एका भागाकारात कळतं: आठवड्याला तयार होणारं नायट्रेट भागिले बदललेलं पाणी. ४२०० भागिले ६३ म्हणजे ६७. तुमचं मोजमाप नेमकं तिथेच आहे.

या भागाकारात टाकीचा आकार कुठेच नाही, हे लक्षात घ्या. संपामुळे ७० लिटर पाणी वाढलं आणि तुम्ही बदलताय तेच ६३ लिटर, तर आकडा पुन्हा ६७ वरच येऊन बसेल, फक्त थोड्या जास्त आठवड्यांनी. स्पंज-रिंगनेही तो उतरणार नाही. त्यांच्यावरचे जिवाणू अमोनियाचं नायट्रेट करतात आणि तिथेच थांबतात.

केएचचं कोडंही यातच सुटतं. २० पीपीएम नायट्रेट तयार होताना साधारण १.८ अंश केएच खर्च होतो. ३० टक्के पाणी बदलून तूट ६ अंशांवर स्थिरावते, म्हणून ९ चा ३ झाला. तो आणखी घसरला तर पीएच कोसळतो आणि मग जिवाणूंचं कामही मंदावतं. नायट्रेटपेक्षा मला याची काळजी जास्त वाटते.

पाणशेवंती

वरचा हिशेब बरोबर. त्यामुळे प्रश्न ‘कोणता फिल्टर’ असा राहतच नाही. अमोनियाचं काम १५ सेंमीच्या कप्प्यातला १३ लिटर स्पंज आरामात करेल, ३ ग्रॅम खाद्याला तेवढा पुरून उरतो. ५५ सेंमी भरून रिंग टाकल्या तरी जिवाणू वाढणार ते खाद्याच्या प्रमाणात, जागेच्या नव्हे. तेव्हा दुसरा आराखडा घ्या. वनस्पती नाही जमल्या तर तोच कप्पा स्पंजने भरता येतो. उलटं करायला मात्र काच उकलावी लागते.

पण वनस्पतींकडून अपेक्षा मोजून ठेवा. नायट्रोजन वनस्पतीत गेला म्हणजे टाकीबाहेर गेला असं नाही. तुम्ही उपसून फेकाल तेवढाच जातो. ६७ चे निम्मे करायचे तर आठवड्याला २१०० मिलिग्रॅम नायट्रेट उचललं पाहिजे. त्यासाठी निथळलेली डकवीड (पाण्यावर तरंगणारी बारीक पानांची वनस्पती) दर आठवड्याला २०० ते २५० ग्रॅम काढावी लागेल. तुमच्या कप्प्याचं पृष्ठफळ ४० × ३५, म्हणजे १४०० चौरस सेंमी. तेवढ्यात इतकं पीक तगड्या दिव्याखाली जेमतेम निघतं. साध्या पट्टीच्या दिव्याखाली निम्मंसुद्धा नाही.

काठावरचा

मग डकवीडऐवजी मनी प्लांट? आणि वनस्पतींना पाणी संथ लागतं म्हणतात, त्यासाठी प्रवाह वेगळा काढावा का?

पाणशेवंती

मनी प्लांट जास्त बरा, कारण मुळं संपात आणि पानं कपाटाबाहेर खोलीच्या उजेडात, असं करता येतं. पानांना कार्बन डायऑक्साइड हवेतून मिळतो, त्यामुळे वाढ पाण्याखालच्या वनस्पतींसारखी अडत नाही. दोन-तीन पेरं असलेल्या १० ते १२ फांद्या घ्या. आधी वेगळ्या भांड्यात पाण्यात मुळं फुटू द्या, कुंडीतली असतील तर मातीचा कण न कण धुवा. पाण्यात फक्त मुळं आणि खालचं एक पेर. पानं बुडाली की सडतात, आणि सडलेलं पान म्हणजे पुन्हा अमोनिया. पहिले तीन-चार आठवडे काही फरक दिसणार नाही.

मुळं महिन्यातून एकदा छाटा. ती बाफलच्या (कप्पे पाडणाऱ्या आडव्या काचेच्या) फटीत शिरून पाणी अडवतात. स्पंजात शिरली तर स्पंज फाडूनच निघतात.

पानं पिवळी पडली तर ‘नायट्रेट एवढं असून?’ असा प्रश्न पडेल. माशांच्या खाद्यातून नायट्रोजन, फॉस्फरस भरपूर येतो, पोटॅशियम आणि लोह कमी पडतं. जुन्या पानांच्या कडा पिवळ्या, भोकं पडलेली असली तर पोटॅशियम, नवी पानं फिकट आणि शिरा हिरव्या असल्या तर लोह. तांब्याची औषधं किंवा मीठ या पाण्यात चालणार नाही. आजारी मासा वेगळ्या टाकीत काढूनच उपचार करायचे.

प्रवाह वेगळा काढू नका. संपातल्या पाण्यापासून टाकीच्या काठापर्यंत एक मीटर उंची धरली, तर तुमचा पंप प्रत्यक्षात १००० लिटरच्या आसपास देईल. ३५ सेंमी रुंद आणि २५ सेंमी खोल कप्प्यात त्याचा वेग सेकंदाला ३ मिलिमीटर होतो. यापेक्षा संथ काय हवं!

उलटासायफन

आराखड्यात बाफल कुठे कसे, ते कुणीच विचारलं नाही, आणि घोळ तिथेच होतो.

वनस्पतींच्या कप्प्यातून पाणी बाफलवरून सांडू दिलंत तर तरंगणारं सगळं पंपाकडे जाणार. बाफलखालून काढलंत तर वनस्पतींच्या कप्प्याची पातळी पंपाच्या कप्प्याबरोबर खालीवर होणार आणि मुळं उघडी पडणार. म्हणून दोन काचा: पहिली तळापासून ३ सेंमी वर उचललेली, तिच्यापुढे ३ सेंमी सोडून दुसरी, तळाला चिकटलेली आणि २५ सेंमी उंच. पाणी पहिलीखालून जाऊन दुसरीवरून पडतं. पातळी स्थिर राहते आणि बुडबुडेही तिथेच अडतात. त्यात जाणारे सेंमी वनस्पतींच्या कप्प्यातून कापा. पंपाच्या तोंडाला जाड स्पंज तरीही लावाच.

आता वीज गेल्यावर काय होतं ते बघा. टाकीचं पृष्ठफळ ५४०० चौरस सेंमी, म्हणजे दर सेंमीला ५.४ लिटर. वर पाणी सोडणाऱ्या नळीचं तोंड पृष्ठभागाखाली ८ सेंमीवर असेल तर पंप थांबताच उलटा सायफन लागून ४३ लिटर खाली येईल. संपाचं पृष्ठफळ ३१५०, तेव्हा पातळी जवळपास १४ सेंमी चढणार. २५ सेंमीवर चालणारा ४० सेंमीचा संप ३९ पर्यंत भरला. नळ्यांतलं पाणी त्यात मोजलेलं नाही. थोडक्यात, लादी पुसायची तयारी ठेवा. नळीचं तोंड पृष्ठभागाखाली २ सेंमीवरच ठेवा, किंवा नळीला पृष्ठभागाच्या जरा खाली ४ मिलिमीटरचं भोक पाडा. ते शेवाळाने बुजतं, दर आठवड्याला काडी घाला. नॉन-रिटर्न व्हॉल्व्हवर (पाणी उलटं येऊ न देणाऱ्या झडपेवर) भरवसा नको, त्यात एक गोगलगाय अडकली की पुरे. सगळं जोडून झालं की प्लग तीन वेळा काढून बघा, मगच मासे.

उलट बाजूही आहे. खाली येणारा पाइप तुंबला आणि पंप चालू राहिला, तर पंपाचा कप्पा वर रिकामा होतो. २० × ३५ मध्ये पंपावर १५ सेंमी पाणी म्हणजे १०.५ लिटर. टाकी २ सेंमी चढेल. काठाखाली ३ सेंमी मोकळे सोडा. खालचा पाइप ३२ मिलिमीटरचा घ्या, आणि तो तुंबला तरच पाणी नेणारा, एरवी कोरडा राहणारा दुसरा पाइप त्याच्या तोंडाहून दीड सेंमी उंच लावा.

बाष्पीभवन फक्त पंपाच्या कप्प्यात दिसतं. तिथे १ सेंमी म्हणजे ०.७ लिटर. दिवसाला ३ लिटर उडाले तर पातळी ४ सेंमीहून जास्त उतरते आणि दोन-तीन दिवसांत पंप हवा ओढायला लागतो. तेव्हा मात्र तो नावाप्रमाणे खरंच संपावर जातो. फ्लोट व्हॉल्व्ह (पातळी उतरली की पाणी भरणारी तरंगती झडप) किंवा रोज खूण बघून पाणी घालणं, दोन्हींतलं एक हवंच. हीटर या कप्प्यात नको, स्पंजच्या कप्प्यात ठेवा.

गाळणीवाला

सॉक २०० मायक्रॉनचा, दर तीन-चार दिवसांनी बदलायचा. तुंबलेल्या सॉकवरून पाणी सांडून गाळ थेट मुळांत जाऊन बसतो आणि मुळं काळी पडतात. स्पंज धुवायचा तो टाकीतून काढलेल्या पाण्यात, क्लोरीनच्या नळाखाली नाही.

पाणी बदलणं सोडू नका. ६३ वरून ८०, मग १०० लिटर, दोन-दोन आठवड्यांच्या टप्प्यांनी न्या. केएच ३ वरून एकदम वर उडाला तर माशांना तेही सोसत नाही. १०० लिटरला आकडा ४२ येतो. वनस्पतींनी चौथा हिस्सा जरी उचलला तरी ३२ च्या घरात आलात. आणि ३ ग्रॅम खाद्य या माशांना सढळच आहे. २ ग्रॅम करून बघा, काही बांधायच्या आधीच तिसरा हिस्सा कमी.

काठावरचा

दुसराच आराखडा घेतो, डकवीड न घालता मनी प्लांट. दिवा किती वेळ? आणि कॅनिस्टर कधी काढू?

पाणशेवंती

पानं खिडकीजवळच्या उजेडात असतील तर कपाटात दिवा लागतच नाही, उलट संपाच्या काचेला बाहेरून काळा कागद लावा म्हणजे शेवाळ धरणार नाही. पानं कपाटातच ठेवणार असाल तर ६५०० केल्व्हिनचा २० ते ३० वॅटचा एलईडी, पानांपासून १५ ते २० सेंमी वर, १२ तास. वायरला प्लगच्या खाली झोल द्या, ओघळलेलं पाणी प्लगमध्ये शिरायला नको. कपाटाची मागची फळी उघडी ठेवा, नाहीतर दमटपणाने लाकूड फुगेल.

कॅनिस्टर सहा आठवडे संपाबरोबर चालू ठेवा. मग त्यातला स्पंज न धुता संपाच्या कप्प्यात टाका आणि पुढचे दहा दिवस अमोनिया रोज मोजा. नायट्रेट मोजताना किटची दुसरी बाटली अर्धा मिनिट जोरात हलवायला विसरू नका. त्यातली पूड तळाला बसलेली असते आणि आकडा खोटा कमी येतो.