एकाच साइटची सेटिंग दोन-दोनदा लिहायची का? मदत हवी आहे

मोंढा_लातूर: जरा लवकर सांगा. साइट एकच, पण एचटीटीपी आणि एचटीटीपीएस दोन्हीवर चालवायलोय. सगळी सेटिंग दोन्हीकडं लिहावी लागायली. इकडं बदललं की तिकडं राहून जातंय. एका जागी लिहून भागत नाही का?

गोदाकाठ: वेब सर्व्हरचं सॉफ्टवेअर कोणतं? अपाचे का एनजिनेक्स?

बालाघाट: दोन ठेवताच कशाला? पोर्ट ८० (एचटीटीपी) वर एचटीटीपीएसकडं धाडणारी रीडायरेक्ट पर्मनंटची एक ओळ, बाकी सगळं पोर्ट ४४३ (एचटीटीपीएस) मध्ये. एचटीटीपीएसला लागणारं प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्टकडून फुकट मिळतं.

मोंढा_लातूर: अपाचे २.४, उबुंटू. रीडायरेक्ट चालत नाही. आडतीवर साइटीवरून शेतमालाचे भाव घेऊन दाखवणारा डिजिटल बोर्ड हाय, त्याला एचटीटीपीएस कळत नाही.

बालाघाट: हे आधी सांगायचं की राव! मग रीडायरेक्टमॅचमध्ये (पत्त्याचा नमुना बघून धाडणारी ओळ) तेवढा बोर्डाचा पत्ता वगळा.

नवा_गडी: एनजिनेक्सवर या. एकाच सर्व्हर ब्लॉकमध्ये लिसन ८०, खाली लिसन ४४३ एसएसएल. झालं.

गोदाकाठ: चाक पंक्चर झालं म्हणून ट्रॅक्टर बदलायचा का? मोंढा, दोन्हीकडं सारखी असलेली सेटिंग, म्हणजे डॉक्युमेंटरूट, अलायस, डिरेक्टरी, रीराइट (पत्ता बदलायचे नियम), सगळं एका फाइलीत टाका. दोन्ही व्हर्च्युअलहोस्टमध्ये (८० आणि ४४३ साठी साइटीचे वेगळे सेटिंगचे भाग) ती फाइल ओढून घेणारी इन्क्लूडची ओळ द्या. ४४३ मध्ये वरून फक्त एसएसएलइंजिन ऑन, प्रमाणपत्र आणि किल्ली. ती फाइल साइट्स-एनेबल्ड फोल्डरमध्ये ठेवू नका, नाव .conf नं संपत असलं तर अपाचे तिला स्वतंत्रपणे पण वाचतो, मग नसता घोळ.

धाराशिवकर: मॅक्रो वापरा, म्हणजे साचा एकदा लिहायचा आणि पाहिजे तिथं नावानं बोलवायचा. मॉड-मॅक्रो २.४ सोबतच येतं.

बालाघाट: एका साइटीला मॅक्रो?

धाराशिवकर: उद्या दहा होतील.

नवा_गडी: व्हर्च्युअलहोस्टच्या बाहेर, वरच लिहिलं तर?

गोदाकाठ: बरंचसं लागू होतं. पण रीराइटचे नियम आपोआप खाली उतरत नाहीत, रीराइटऑप्शन्स इनहेरिट लिहावं लागतं. लोक इथंच अडकतात.

शिवारातून: त्या बोर्डावर सोयाबीन आज काय दाखवायलंय?

मोंढा_लातूर: इन्क्लूड केलं. सेटिंग तपासणारं कॉन्फिगटेस्ट सिंटॅक्स ओके म्हणतंय. मोबाइलवर दोन्ही पत्ते बरोबर उघडायलेत, पण बोर्डावर कालचाच भाव.

शिवारातून: मग कालचाच सांगा.

गोदाकाठ: बोर्ड साइटीचं नाव घेऊन विचारतो का नुसत्या आयपीनं? आयपीनं असेल तर उत्तर पहिला व्हर्च्युअलहोस्ट देतो. तुमच्याकडं अपाचेसोबत आलेली ०००-डीफॉल्ट साइट अजून चालू असणार, तीच पहिली येते.

मोंढा_लातूर: आयपीच टाकलाय. ती ०००-डीफॉल्ट ए-टू-डिस-साइट कमांडनं बंद करू का?

गोदाकाठ: करा, आणि रीलोड मारा.