शनिवारचं व्याख्यान : मधेच उठणार असाल तर आत्ता सांगा

सचिव :
मंडळी, शनिवारच्या, पिंक फ्लॉइड या इंग्लिश रॉक बँडच्या 'डार्क साइड ऑफ द मून' या अल्बमवरच्या व्याख्यानाच्या जागा मिळाल्या, सगळ्या एकाच रांगेत. पण आयोजकांनी आज कळवलंय की आधी तासभर बोलणं आणि मग अख्खी एलपी लावणार, तेव्हा दिवे बंद आणि दारंही बंद, फक्त बाजू पलटताना दार उघडतील. मोठी गाडी नऊला निघणार म्हणजे त्यातल्या सगळ्यांना पहिल्या बाजूनंतर उठावं लागणार. कोण थांबणार कोण जाणार ते उद्यापर्यंत कळवा, जाणाऱ्यांना रांगेच्या टोकाला बसवते.

खजिनदार :
गाडी माझी आहे आणि रविवारी माझी पहाटेची ड्यूटी आहे त्यामुळे नऊ म्हणजे नऊ. व्याख्यान तर पूर्ण ऐकून होतंय ना, रेकॉर्ड काय घरी पण ऐकता येते.

डॉक्टर :
घरी ऐकता येते हे मान्य, पण ही रेकॉर्ड अर्ध्यात सोडायची नाहीच हो. सुरुवातीला जे हृदयाचे ठोके येतात (बँडचा ड्रमर निक मेसनने बास ड्रमवर मऊ पॅडिंग करून वाजवलेत, खऱ्या छातीचे नाहीत) तेच दुसऱ्या बाजूच्या शेवटी परत येतात आणि त्यावर रेकॉर्डिंग झालं त्या ॲबी रोड स्टुडिओच्या दरवानाचा, जेरी ओड्रिस्कॉलचा, आवाज. बँडच्या बास वाजवणाऱ्या रॉजर वॉटर्सने कार्डांवर प्रश्न लिहून स्टुडिओत जो भेटेल त्याला विचारले होते, पॉल मॅकार्टनीलासुद्धा, त्याची उत्तरं घेतली नाहीत आणि दरवानाची घेतली. आणि 'टाइम' गाण्यातली ती घड्याळं! ध्वनिमुद्रक ॲलन पार्सन्सने जुन्या वस्तूंच्या दुकानात जाऊन एकेक घड्याळ वेगळं रेकॉर्ड करून आणलं होतं, ते आधी क्वाड्राफोनिकच्या (चार स्पीकरांच्या आवाजाच्या) चाचणीसाठी, या गाण्यासाठी नव्हेच. हे सगळं तासभर समजून घ्यायचं आणि लगेच मोठ्या स्पीकरवर ऐकायचं, ही संधी परत कधी येणार? मी थांबणार. माझ्या गाडीत तीन जागा आहेत.

गायनवर्गाच्या ताई :
डॉक्टर, एक जागा माझी. पहिली बाजू संपते तीच मुळी क्लेअर टोरी या गायिकेच्या 'द ग्रेट गिग इन द स्काय'वर, त्यानंतर लगेच उठून पार्किंगकडे पळायचं हे मला जमणार नाही. तिला शब्द दिलेच नव्हते, आधी तिने 'बेबी, बेबी' करून बघितलं तर म्हणाले तसं नको, मग तिने आवाजाला वाद्य समजून गायलं. जानेवारी १९७३ चा रविवार होता म्हणून दुप्पट दर, तो मिळून ३० पौंड. पुढे २००४ मध्ये तिला कोर्टात जावं लागलं तेव्हा २००५ ला तडजोड होऊन गाण्यावर नाव लागलं. म्हणून मी मंडळात सारखी सांगते की साथीदारांची नावं पत्रिकेत आलीच पाहिजेत.

कार्यक्रम समिती :
ताई, टोरीचं गायिका म्हणून नाव पहिल्यापासून कव्हरवर होतं, २००५ नंतर बँडच्या कीबोर्डवाल्या रिचर्ड राइटच्या जोडीने रचनेचं श्रेय मिळालं. आणि पत्रिकेचं म्हणाल तर ते काम समितीकडे आहे, नावं छपाईच्या आधी आमच्याकडे पोचली तर छापतोच, गेल्या वेळी गायनवर्गाची यादी पत्रिका प्रेसला गेल्यावर आली.

गायनवर्गाच्या ताई :
तेच तर म्हणतेय, नुसतं नाव छापणं वेगळं आणि ज्याने चाल तिथल्या तिथे उभी केली त्याला ते श्रेय देणं वेगळं. या वेळी यादी दोन आठवडे आधी देते, रचना कोणाची तेही लिहून.

तबल्याचे काका :
यादीचं तुम्ही बघा, मी दुसऱ्या बाजूसाठी थांबणार. त्या बाजूचं पहिलं गाणं 'मनी' मी पहिल्यांदा हॉस्टेलवर कॉपी केलेल्या कॅसेटवर ऐकलं, रात्रभर बोटांवर मात्रा मोजत बसलो, दर वेळी सातच यायच्या आणि मला वाटायचं कॅसेट एक मात्रा खाते. नाणी, फाटणारा कागद, गल्ल्याची खणखण असे टेपचे सात तुकडे पट्टीने मोजून सारख्या लांबीचे कापले आणि जोडून त्याची माळ मशीनवर फिरवत ठेवली, संगणक नाही काही नाही. तेव्हा रांगेत बसून रूपक ताल (तोही सातच मात्रांचा) धरू नका कृपा करून. रूपकाची सम, म्हणजे पहिली मात्रा, 'खाली'वर (टाळी न देता) येते, इथे पहिल्याच मात्रेवर बास दणकून येतो. गिटारचा सोलो आला की चाराचं वजन होतं, तिथे खुशाल मान हलवा.

वर्गातली एक विद्यार्थिनी :
काका, मग याला चौदा मात्रांच्या दीपचंदी तालाचा अर्धा म्हणता येईल का? ३-४ असा?

तबल्याचे काका :
त्यातही खाली येतेच ग. ठेका शोधू नकोस, आधी बास ऐक. गुरुवारी कॅसेट घेऊन ये, नाहीतर फोनवर लावू.

खजिनदार :
माझ्या गाडीतल्या दोघांना थांबायचंय असं त्यांनी मला फोन करून सांगितलं. त्यांचं जाणं-येणं कोण बघणार?

डॉक्टर :
ताई, काका आणि त्यातला एक, माझ्या तीन जागा भरल्या.

सचिव :
दुसऱ्याला मी आणते, माझ्या छोट्या गाडीत मागे जागा आहे, फक्त माझा कीबोर्ड आधी काढून ठेवावा लागेल. म्हणजे खजिनदार आणि त्यांच्याबरोबरचे टोकाच्या जागांवर, बाजू पलटताना दिवे लागले की लगेच निघा. बाकीचे आत. सगळ्यांनी पावणेसातला दारापाशी या, तिकिटं माझ्याकडे आहेत, व्याख्यान सुरू झाल्यावर मी बाहेर येणार नाही.