डॉक्युसॉरस: भाषा बदलली की मराठी पान सापडतच नाही

ठिबकवाला: ठिबक सिंचनाच्या कंट्रोलरची मदतपानं डॉक्युसॉरसमध्ये (मदतपानांची वेबसाइट बनवणारं साधन) करतोय, इंग्रजी-मराठी-कन्नड. नेव्हबारमध्ये (वरच्या पट्टीत) लोकेल-ड्रॉपडाऊन, म्हणजे भाषा निवडायची यादी, टाकला, तिन्ही भाषा दिसतात. पण माझ्या मशीनवर मराठी निवडलं की 'पेज नॉट फाउंड'. फोल्डर जागच्या जागी आहेत. डोकं चालेनासं झालंय. त्यात साहेबांना प्रत्येक भाषेपुढे झेंडा हवाय.

कानामात्रा: काही बिघडलेलं नाही हो. स्टार्ट कमांड एका वेळी एकच भाषा चालवते. बिल्ड करा (पूर्ण साइट तयार होते), मग सर्व्ह (ती आपल्या मशीनवर उघडते), तिन्ही दिसतील. नुसतं मराठी तपासायचं तर स्टार्टलाच लोकेल 'एमआर' (मराठीचा कोड) द्या.

झेंड्यांचं म्हणाल तर तिन्हींपुढे तिरंगाच लावणार का? भाषेचं नाव तिच्याच लिपीत लिहा, बास. बागलकोटचा शेतकरी रोमन अक्षरांत कन्नड कशाला शोधत बसेल?

जुनाखिळा: खरी गोम पुढे आहे. शीर्षकाच्या मजकुरावरून अँकर (पानातल्या त्या भागाचा पत्ता, म्हणजेच त्याचा आयडी) बनतो. 'फिल्टर सफाई'चं शीर्षक मराठीत केलं की अँकर बदलतो आणि भाषा बदलणारा माणूस पानाच्या डोक्यावर जाऊन पडतो. भाषांतराला देण्याआधी 'राइट-हेडिंग-आयडीज' कमांड चालवून आयडी पक्के करा. शिवाय भाषांतर न झालेलं पान मराठी पत्त्यावरही इंग्रजीतच उघडतं, कुठलीही सूचना न देता. तशी सूचनेची ओळ तुम्हीच घाला.

ठिबकवाला: बिल्ड करून पाहिलं, पळतंय! आयडी आज रात्री. झेंड्यांसाठी साहेबांना हाच धागा दाखवतो.