आईला स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे, नसांचा ब्लॉक आत्ताच करावा का?

धायरीची लेक

नमस्कार. आई ६३ वर्षांची. दिवाळीनंतर स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला. यकृतावर गाठी आहेत, त्यामुळे ऑपरेशन होणार नाही. केमोच्या तीन सायकल झाल्या. दुखणं बेंबीच्या वर सुरू होतं आणि आरपार पाठीत जातं. उताणं झोपताच येत नाही तिला. रात्री दोन-अडीचला उठते, स्वयंपाकघरात पाटावर बसते, गव्हाच्या डब्यावर उशी ठेवते आणि तिला कवटाळून पुढे वाकून बसून राहते. मी उठले की म्हणते, "तू झोप गं, मला असंच बरं वाटतं."

मॉर्फिनच्या दहा मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या दर चार तासांनी चालू आहेत. त्यानं दुखणं थोडं दबतं, पण दिवसभर ती गुंगीत असते आणि चार-चार दिवस पोट साफ होत नाही. परवा ओपीडीत डॉक्टर म्हणाले, "नसांचा ब्लॉक करता येईल, विचार करा." अजून काही विचारणार तोवर पुढचा पेशंट आत आला होता. घरी मामा म्हणतो, ब्लॉक हा शेवटचा उपाय, तो आत्ताच वापरला तर पुढे हातात काय राहणार? शिवाय त्यानं पाय लुळे पडतात असं त्यानं कुठेतरी ऐकलंय. इथे कुणाच्या घरी केलाय का? कृपया जे घडलं ते सांगा.

कोथरूडचा काका

बाळ, पाटावर बसलेली तुझी आई वाचली आणि डोळ्यांपुढे आमची ही आली. ती सोफ्याच्या हातावर वाकून बसायची. दोन्ही कोपरांना घट्टे पडले होते.

तुझा मामा म्हणतो तेच मीही म्हणायचो. आम्हाला ब्लॉकचं पहिल्यांदा जूनमध्ये सुचवलं होतं, मी केला ऑक्टोबरात. ते चार महिने माझ्या निर्णयामुळे तिनं बसून काढले. हे मी कुणाला फारसं सांगत नाही, तुला सांगतो कारण तू आत्ता त्याच जागी आहेस.

करतात कसं ते ऐक. आदल्या रात्रीपासून उपाशी. सकाळी सलाईन लावून बाटलीभर पाणी अंगात जाऊ दिलं, कारण नंतर बीपी पडतं. मग पालथं झोपवलं, पोटाखाली उशी. कमरेच्या वर, मणक्याच्या दोन्ही बाजूंनी एकेक लांब सुई. सी-आर्म म्हणजे एक्स-रेच्या मशीनच्या पडद्यावर बघत बघत सुई पुढे नेतात, आधी त्यात दिसणारा थोडा डाय सोडून तो कुठे पसरतो ते पाहतात, मग भुलीचं औषध आणि शेवटी अल्कोहोल. ती अर्धवट गुंगीत होती. अल्कोहोल जाताना पोटात आग झाली म्हणाली, मिनिट-दोन मिनिटं. खोलीत गेल्यापासून बाहेर येईपर्यंत तासभर लागला असेल.

पहिल्या दिवशी उठून बसवलं तर डोळ्यांपुढे अंधारी आली, बीपी ९० वर. दुसऱ्या दिवसापासून जुलाब, चार दिवस. ताक-भात आणि ओआरएसवर काढले. मॉर्फिननं कोंडलेलं पोट मोकळं झालं म्हणून तिला ते जुलाबसुद्धा बरे वाटले. पाठीत सुईच्या जागी आठवडाभर ठणकत होतं.

तिसऱ्या रात्री मी पाणी प्यायला उठलो. सोफा रिकामा. मला धस्स झालं. आत जाऊन बघतो तर पलंगावर उताणी, हात पोटावर, तोंड किंचित उघडं, झोपलेली. मी तिथेच जमिनीवर बसून राहिलो, दूधवाला येईपर्यंत.

मॉर्फिन दिवसाला १२० मिलिग्रॅमवरून ४० वर आलं. पूर्ण सुटलं नाही, तशी अपेक्षाही ठेवू नकोस. साडेचार महिने चांगले गेले. त्यात ती नातवाच्या मुंजीत शेवटच्या पंगतीपर्यंत खुर्चीत बसली होती. मार्चमध्ये दुखणं परत वाढलं, एप्रिलमध्ये ती गेली.

एक काम आजच कर. गोळी दिल्यावर पाऊण तासानं आईला पालथं झोपवून बघ, पोटाखाली उशी देऊन. किती वेळ झेपतं ते घड्याळ लावून मोज आणि डॉक्टरांना सांग.

पेन क्लिनिकातली परिचारिका

काकांनी सगळं नीट सांगितलंय. मी या कामात १९ वर्षं आहे, काही गोष्टी जोडते.

स्वादुपिंड, जठर, यकृत यांच्याकडून दुखण्याचा निरोप नेणाऱ्या नसांचं एक जाळं महाधमनीच्या पुढच्या बाजूला, बरगड्या संपतात साधारण त्या पातळीवर असतं. त्याला सिलिॲक प्लेक्सस म्हणतात. अल्कोहोलनं ते जाळं निकामी करतात. प्रयोग वगैरे नाही हा, माक्स काप्पिस या जर्मन सर्जननं १९१४ मध्येच हा ब्लॉक मांडला होता. १९९६ पासून दुसरा रस्ताही आहे: तोंडातून एंडोस्कोप जठरात घालायचा, त्याच्या टोकाला सोनोग्राफी असते, आणि जठराच्या भिंतीतून सुई त्या जाळ्यापर्यंत न्यायची. यात पेशंट डाव्या कुशीवर असतो. म्हणून काकांनी सांगितलेलं पालथं झोपवून बघणं फार कामाचं आहे.

"शेवटचा उपाय" हे मी रोज ऐकते आणि रोज खोडते. गाठ वाढून त्या जाळ्याभोवती पसरली की औषध पसरायला जागाच उरत नाही. २०११ मध्ये कॅनडातल्या एका चाचणीत निदानाच्या एंडोस्कोपीतच ब्लॉक केलेल्या पेशंटांचं दुखणं तीन महिन्यांनी इतरांपेक्षा कमी होतं. गरज पडल्यास पुन्हाही करता येतो, मात्र दुसऱ्यांदा पहिल्याइतका गुण येईलच असं नाही. हेही खरं सांगते की अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या १०० पेशंटांच्या अभ्यासात (२००४) दुखणं कमी झालं, पण आयुष्य वाढलं नाही. ब्लॉक दुखण्यासाठी करायचा, कॅन्सरसाठी नाही. आणि पोटातलं दुखणं कमी होतं. कॅन्सर पाठीच्या हाडात किंवा पोटाच्या आवरणात गेला असेल तर तिथलं दुखणं यानं जात नाही.

पाय लुळे पडणं: होऊ शकतं, अगदी क्वचित. मज्जारज्जूला रक्त देणाऱ्या धमनीला धक्का लागला तर. संमतीपत्रावर सही करण्याआधी डॉक्टरांनी ते तोंडानं सांगायला हवं, नाही सांगितलं तर तुम्ही विचारा.

मॉर्फिन स्वतःहून बंद करू नका. दुखणं उतरल्यावर तोच डोस जास्त चढतो, झोप आणि श्वास दोन्हींवर लक्ष ठेवावं लागतं, म्हणून डॉक्टर डोस पायरीपायरीनं उतरवतात.

आणि ताई, आईला रक्त पातळ करायचं काही चालू आहे का? असेल तर सुईनं आत रक्तस्राव होऊ शकतो. या कॅन्सरमध्ये पायात गुठळी होणं फार दिसतं. कृपया आजच औषधं तपासा.

वारज्याचा शेजारी

वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर सेंटर आहे, १९९७ पासून. कॅन्सरच्या पेशंटला आणि घरच्यांनाही तिथे विनामूल्य सांभाळतात. आम्ही बाबांना नेलं होतं. "तिथे नेलं म्हणजे आशा सोडली" असं आत्या म्हणाली होती, पण बाबांची केमो तेव्हाही चालूच होती. ब्लॉक होईपर्यंत मॉर्फिन आणि पोट साफ व्हायची औषधं यांचा मेळ तिथे नीट बसवून घ्या. लॅक्टुलोज हे पोट साफ करायचं पातळ औषध एकटं पुरत नाही बऱ्याचदा.

धायरीची लेक

चार दिवसांनी लिहितेय, माफ करा.

परिचारिका ताई, तुमचा शेवटचा प्रश्न वाचून फ्रीज उघडला. आईला पोटात टोचायचं हेपॅरिनच्या जातीचं इंजेक्शन चालू आहे, डिसेंबरात पिंडरीत गुठळी झाली होती तेव्हापासून, दिवसातून दोनदा. ओपीडीतल्या कागदावर ते नव्हतंच. मी डबीच घेऊन गेले. डॉक्टरांनी या वेळी खुर्ची ओढून बसवलं आणि प्लेटलेट, आयएनआर या रक्त गोठण्याच्या तपासण्या लिहून दिल्या.

काका, पालथं झोपवून पाहिलं. सहा मिनिटं झाली आणि तिनं चादर मुठीत धरली, मग मी लगेच कुशीवर केलं. "सहा मिनिटं" असंच डॉक्टरांना सांगितलं. त्यावर त्यांनी एंडोस्कोपीचा रस्ता ठरवला, डाव्या कुशीवर, झोपेचं औषध देऊन. मामाला तुमचा निरोप मोठ्यानं वाचून दाखवला. जून ते ऑक्टोबर हे वाचल्यावर तो गॅलरीत जाऊन उभा राहिला. बऱ्याच वेळानं आत आला आणि म्हणाला, गाडी मी काढतो.

मंगळवारी सकाळी साडेसातला बोलावलंय. इंजेक्शन सोमवारी सकाळचं शेवटचं. ओआरएसची दहा पाकिटं आणून ठेवली आहेत.