मदत हवी आहे: डॉक्टर नीट बोलले का, हे पेशंटला मराठीत कसं विचारायचं?

नमस्कार मंडळी. मी कम्युनिटी मेडिसिनमध्ये एमडी करतेय, दुसरं वर्ष. मधुमेहाच्या ओपीडीत डॉक्टर आणि पेशंट यांच्यात संवाद कसा होतो ते मोजायचं, हा थीसिसचा विषय. प्रश्नावलीपाशी गाडी अडली आहे.

ग्लासगोच्या स्ट्युअर्ट मर्सर आणि सहकाऱ्यांची २००४ची 'केअर मेजर' ही प्रश्नावली घेतली आहे. दहा प्रश्न, प्रत्येकाला एक ते पाच गुण, एकूण ५०. तुमचं म्हणणं पूर्ण सांगू दिलं का, लक्ष देऊन ऐकलं का, नीट समजावलं का, अशा धर्तीचे. भाषांतर करून थोड्या जणांना विचारून पाहिलं, तर जवळजवळ सगळ्यांनी सगळीकडे पाच दिले.

त्यातल्या एक आजी म्हणाल्या, "समदं चांगलं हाय बाई, तूच लिही." उठता उठता मी विचारलं, गोळ्या कशा घेता? त्यांनी पिशवीतून पट्ट्यांचे दोन तुकडे काढले. औषधखिडकीवर कात्रीनं कापून दिलेले, एकावर नाव अर्धंच उरलेलं. "ही मोठी न् ही बारकी, दोन्ही जेवल्यावर." केसपेपरवर बारकी, म्हणजे ग्लिमेपिराइड, नाश्त्याआधी लिहिली होती. तिथंच बसून समजावलं, पण ज्या भेटीला ५० पैकी ५० मिळाले तिच्यात एवढी साधी गोष्ट त्यांच्यापर्यंत पोचलीच नव्हती. तेव्हापासून नुसता तो आकडा लिहायला हात धजत नाही.

माझा अंदाज असा की ॲप्रन घालून, ओपीडीच्या दाराशी विचारलं तर डॉक्टरांना नावं कोण ठेवणार? उद्या पुन्हा त्यांच्याचकडे यायचंय. म्हणून आता ॲप्रन काढून, औषधांच्या रांगेपासून लांब बसून विचारावं म्हणते. शिवाय गुणांसोबत 'डॉक्टरांनी काय सांगितलं ते तुमच्या शब्दांत सांगा' असं विचारून केसपेपरशी ताडून पाहायचं. हे दोन्ही आकडे वेगवेगळे मांडावेत की एकत्र? मला वेगळेच ठेवावेसे वाटतात, कारण समाधान आणि समज या दोन गोष्टी आहेत.

दुसरी अडचण शब्दांची. 'एक संपूर्ण माणूस म्हणून तुमच्यात रस घेतला का' यावर लोक नुसते बघत राहतात. 'घरचं, कामाचं विचारलं का' केलं तर समजतं, पण मूळ अर्थ आक्रसतो. उलट भाषांतर, म्हणजे मराठीवरून पुन्हा इंग्रजी, करून घेतलं, त्यात ही खोट दिसली नाही, कारण ते करणारे दोघेही शिकलेले होते.

ग्रामीण भागात अशा मुलाखती घेतलेल्या कुणी, विशेषतः आशाताई किंवा समुपदेशक असाल तर, या प्रश्नाला तुम्ही कोणते शब्द वापराल? बदल एथिक्स कमिटीकडे पाठवायचेत, त्याआधी कळलं तर फार मदत होईल.